दोन साडूंचा गिअरबॉक्स

बापू,

मंगळवारी सकाळी तुम्ही दुकान उघडलं, खुर्चीवर बसलात आणि उठला नाहीत. साडेदहा वाजता सुमनताईंचा फोन आला. मी शैलाला हाक मारली. आम्ही एसटीने सटाण्याला निघालो, कारण गाडी माझ्या दारात उभी होती आणि तिच्याखाली तेल होतं.

दहाव्याला लोक तुमच्याविषयी बोलले. निम्म्या बागलाणच्या विहिरींवरच्या मोटारी तुमच्या हातून नव्याने तार भरून गेल्या आहेत, जळालेली मोटार टाकून द्या असं तुम्ही आयुष्यात कुणाला सांगितलं नाही, हे सगळं खरंच होतं. मला जे बोलायचं होतं ते गिअरबॉक्सविषयी होतं, आणि नदीकाठी उभं राहून गिअरबॉक्सविषयी बोलता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे. आपला वाद अर्धा राहिला आहे. शिवाय एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती.

ही गाडी नसती तर आपण दोघं एकमेकांना कितीसं ओळखलं असतं, असा विचार मी हल्ली करतो. साडू हे नातं तसं लग्नकार्यापुरतंच. दोघांनाही सासरी मान, पण तो एकाच ताटातला; त्यामुळे दोघंही जरा जपून जेवतात. पहिली दहा-बारा वर्षं आपलं बोलणं “काय म्हणता?” आणि “चाललंय” एवढ्यावर भागलं. मग अण्णा, आपले सासरे, गेले. चांदवडचं घर विकलं. त्यांची वकिलीची पुस्तकं मी आणली, लोखंडी कपाट तुम्ही नेलं, आणि उरली ती गोल पाठीची, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली गाडी. “गाडी दोघींची, सुमनची आणि शैलाची,” असं अण्णा शेवटच्या आजारात म्हणाले होते. दोघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. म्हणून ती आपल्या दोघांकडे आली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, तुम्हालाही नाही.

पाळी तुम्ही ठरवलीत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ते दसरा गाडी सटाण्यात, दसरा ते आखाजी नाशिकला. मी कारण विचारलं, तर म्हणालात, “आखाजीले लेकी माहेरले येतस. गाडी नको का येवाले?”

“पण गाडीचं माहेर सटाणं कसं? चांदवड ना?”

“चांदवडचं घर राहिलं का? नाही. मग थोरल्या बहिणीचं घर तेच माहेर. तुम्ही एवढी पुस्तकं वाचतस, एवढं माहीत नाही?”

तुम्ही रंगात आलात की अर्धं अहिराणीत, अर्धं माझ्यासाठी पुस्तकी मराठीत बोलायचात, आणि मला वाद घालण्यापेक्षा ते ऐकत बसणं बरं वाटायचं.

वर्षातून दोनदा आपण वाटेतल्या सोग्रस फाट्यावर भेटत आलो. एकाने गाडी आणायची, दुसऱ्याने एसटीने यायचं. चहा, मिसळ, पुन्हा चहा. मग किल्ली. किल्ली घेण्याआधी तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारायचात आणि चपलेच्या टोकाने चारही चाकं दाबून बघायचात. मी तसं काही करत नसे. मला चाकातलं कळत नाही. मी आत बसून अण्णांच्या वेळचा तो वास अजून येतो का, ते बघायचो.

पाच-सहा वर्षांपूर्वी गाडीखाली डाग पडू लागला. आधी रुपयाएवढा, पुढे भाकरीएवढा. मी सलीमभाईंना दाखवली. नाशिकला द्वारका चौकाजवळ त्यांचं गॅरेज आहे, जुन्या गाड्या हाताळणारा माणूस. तेल गिअरबॉक्सचं आहे, असं ते वाकून बोट लावून म्हणाले. तेव्हापासून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचो, गिअरबॉक्स बदलून टाकू, दुसऱ्या गाडीचा चांगला मिळाला तर बसवू. तुम्ही म्हणायचात, खोलू आणि दुरुस्त करू.

“माणूसले सर्दी व्हयनी म्हणीसन कोणी नाक बदली टाकस का?” तुम्ही हे फाट्यावरच्या टपरीत एवढ्या मोठ्याने म्हणालात, की शेजारच्या बाकावरचा कंडक्टर चहा सांडून हसला.

मी म्हटलं, “बापू, पाच वर्षं सर्दी असली तर डॉक्टर बदलतात.”

“मग डॉक्टर बदला ना! नाकाच्या मागे कशाले लागतस?”

एकदा तुम्ही मला माझ्याच अंगणात गाठलंत. “ग्रंथपालसाहेब, पुस्तकाचा पुठ्ठा निघाला तर तुम्ही काय करायचे?”

“बाइंडिंगला द्यायचो.”

“आणि पानं गळायला लागली तर?”

“दुसरी प्रत मागवायचो.”

“त्या प्रतीत पेन्सिलीने लिहिलेलं असायचं का?”

पस्तीस वर्षं ग्रंथालयात काढून पेन्सिलीच्या खुणा असलेल्या प्रती मी किती जपल्या होत्या, हे तुम्हाला शैलाने सांगितलं असणार. पण मी मागे हटलो नाही. बाजू माझीही होती. सटाण्याच्या वाटेवरच्या भावडबारीच्या चढावर गाडी अडली, क्लचवर तेल गेलं, आणि सुमनताई बाजूला बसलेल्या असल्या तर? शिवाय तुमचं ते “खोलू” दर वर्षी पुढे जात होतं. गाडी तुमच्याकडे यायची आखाजीला, भर उन्हात, आणि तेव्हाच सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम जळायच्या. दुकानासमोर शेतकऱ्यांची रांग. तुम्हाला जेवायला वेळ नसायचा, तिथे गिअरबॉक्स कोण खोलणार? पाऊस लागला की खोलू. मग श्रावण झाला की. मग दसरा. गाडी तशीच परत माझ्याकडे.

हे मी तुम्हाला तोंडावर म्हणालो होतो. “तुमची दुरुस्ती म्हणजे नुसतं दुरुस्तीचं बोलणं,” असं काहीतरी. तुम्ही चिडला नाहीत. चहाचा ग्लास खाली ठेवलात आणि म्हणालात, “हे मात्र बरोबर बोलला तुम्ही.” मला ते जिंकल्यासारखं वाटलं नाही.

आता लपवलेली गोष्ट. संक्रांतीनंतर मी सलीमभाईंकडे गेलो. मालेगावला ह्याच गाडीची एक जोडीदारीण भंगारात निघाली होती, तिचा गिअरबॉक्स चांगला होता. मी त्यांना म्हटलं, “सांगून ठेवा. आपल्याला हवा आहे.” तुम्हाला विचारलं नाही. शैलालाही सांगितलं नाही. माझ्या मनात असं होतं, की आखाजीच्या आधी तो बसवून घ्यायचा आणि गाडी फाट्यावर आणून उभी करायची. तुम्ही फेरी मारणार, वाकणार, खाली बोट लावणार. आणि मग मी सांगणार. तुमचा तो चेहरा मी पुष्कळदा डोळ्यांसमोर आणला होता. गाडी निम्मी तुमची होती, हे त्या चित्रात कुठे नव्हतं.

तुम्ही जाण्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, तुमचा फोन आला. “साडूभाऊ, आखाजीले गाडी लई या, घेऊनच या. यंदा नक्की खोलस मी. दुकान चार दिवस बंद ठेवतो, लोकांना सांगून टाकलंय. तुम्ही पण थांबा. दोन्ही साडू बसूत.”

मी म्हटलं, “बघू.”

एवढंच. आपलं शेवटचं बोलणं हे. तुम्ही दुकान बंद ठेवायला निघाला होतात, आणि मी “बघू” म्हटलं.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी सलीमभाईंचा फोन आला. त्यांना काही माहीत नव्हतं. “सर, मालेगाववाला पूछ रहा है. शनिवारपर्यंत थांबतो म्हणतोय, नंतर दुसऱ्याला देईल. लेना है ना?”

बापू, एवढी वर्षं मी एकाच मताचा होतो, पण त्या मताला समोरून ढकलणारं कुणी नाही म्हटल्यावर ते मला उभं करता येईना. गिअरबॉक्स बदलावा, तर तुमच्या पश्चात तुमचं बोलणं मोडायचं. न बदलावा, तर केवळ तुम्ही गेलात म्हणून माझं खरं मत गिळायचं, हेही तुम्हाला आवडलं नसतं. मेलेल्या माणसाचं ऐकणं सोपं असतं, असं तुम्हीच एकदा अण्णांच्या वर्षश्राद्धाला म्हणाला होतात. सुमनताईंना त्या दिवसांत विचारायची मला लाज वाटली. गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन सलीमभाईंकडे गेलो. बदलायचं, असंच मनाशी ठरवून गेलो होतो. वाटेत पुन्हा विचार करायचा नाही, म्हणून गंगापूर रोडवरून सरळ गेलो, कुठे थांबलो नाही.

जुना गिअरबॉक्स उतरवण्याआधी त्यातलं तेल काढतात. सलीमभाईंनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरले, घमेलं लावलं आणि नट सोडला. तेल येऊ लागलं. ते येतच राहिलं. घमेलं भरलं, त्यांनी दुसरं मागवलं. मग ते खड्ड्यातूनच वर बघून म्हणाले, “सर, ये किसने भरा इतना?”

“मी. का?”

“अकेले आपने?”

मला काही कळेना. ते वर आले, हात पुसले आणि शिक्षकाने समजवावं तसं समजावू लागले. गिअरबॉक्समध्ये तेल एका रेषेपर्यंतच ठेवायचं. त्याच्या वर गेलं की फिरणारे गिअर ते घुसळतात, ते तापतं, फुगतं आणि सांध्यांच्या रबरी सीलमधून वाट काढतं. गळतं म्हणून माणूस आणखी ओततो. ओतलं की आणखी गळतं. “इसको बीमारी नहीं है, सर. अपचन है.”

रेषा दाखवणारी पट्टी होती आपल्या गाडीला. आठवतं? पुढच्या सीटपाशी मॅट उचललं की पत्र्यात भोक, त्यात ती पट्टी. ती तुमच्या हातात मोडली, तेव्हा तुम्ही लाकडाचं बूच कातून बसवलंत आणि म्हणालात, “आते मोजायची गरज नाही. वरून तेल दिसलं की पुरे.” त्याच वर्षी डाग सुरू झाला. पट्टी मोडली आणि डाग पडू लागला, ह्या दोन गोष्टी आपण कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. तुम्ही वळलेल्या तांब्याचे वेढे डोळ्यांनी मोजायचात, मी हरवलेलं पुस्तक क्रमांकावरून शोधायचो, आणि ह्यात दोघंही चुकलो.

पण एवढं तेल माझं एकट्याचं नव्हतं. माझा हिशोब मला माहीत होता. आपल्या घरात शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही. शैला दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर घालून देते. त्याच सवयीने आखाजीच्या आदल्या दिवशी मी बूच काढून गिअरबॉक्स काठोकाठ भरायचो. साडूच्या हातात गाडी द्यायची, ती भरलेली द्यावी. आणि दसऱ्याला गाडी घरी आली की पुन्हा थोडं ओतायचो, कारण मनात यायचं, बापू धावपळीचा माणूस, डिकीत मोटारी टाकून गावोगाव हिंडणारा, त्यांनी कुठे बघितलं असणार.

मी गॅरेजच्या बाहेर येऊन सुमनताईंना फोन केला. लाज बाजूला ठेवली.

“ताई, एक विचारू? बापू गाडीत तेल टाकायचे का? गिअरचं?”

त्या म्हणाल्या, “टाकायचे म्हणजे? दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा घेऊन बसायचे. मी ओरडायचे, सणासुदीचे हात काळे करू नका. तर म्हणायचे, पाव्हण्याला रिकामं भांडं द्यावं का?”

“आणि गाडी तुमच्याकडे आली की?”

“तेव्हा तर आधी! चहाच्या आधी. म्हणायचे, साडूभाऊ वाचणारा माणूस. त्यांचं लक्ष पानात. गाडीकडे कोण बघतंय?”

मला हसू आलं. ते मी दाबायला गेलो आणि दाबता आलं नाही. तिकडे ताईही हसल्या, कशाला हसतोय हे न कळताच. मग दोघंही एकदम थांबलो. त्या घरात पंधरा दिवसांत कुणी हसलं नव्हतं, हे मला त्या थांबण्यावरून कळलं.

म्हणजे वर्षातून चार वेळा, बापू. देताना तुम्ही, घेताना मी, देताना मी, घेताना तुम्ही. वर डाग दिसला की मधेमधे. तुम्ही म्हणत होतात गाडी म्हातारी झाली, मी म्हणत होतो गिअरबॉक्स गेला. गाडी फक्त आपल्या दोघांच्या तावडीत सापडली होती.

सलीमभाईंपुढे आता दोन वाटा होत्या. मालेगावचा बसवला तर गाडी शनिवारी तयार. जुना ठेवायचा तर तो पूर्ण खोलायला हवा, कारण इतक्या वर्षांत सीलं कडक झाली होती, ती बदलल्याशिवाय नुसतं तेल कमी करून भागलं नसतं. चार-पाच दिवस. आणि आत काय निघेल, त्याची खात्री ते देईनात. “आप बोलो सर.”

मी म्हटलं, “खोला. मालेगाववाल्याला नाही म्हणून सांगा.”

हे मी तुमच्यासाठी केलं, असं समजू नका. तुमच्या इच्छेचा मान वगैरे त्या क्षणी माझ्या मनात नव्हता. चूक माझी होती, निम्मी तरी, आणि माझ्या चुकीसाठी मी धडधाकट वस्तू भंगारात पाठवायला निघालो होतो; ते मला करवेना. एवढंच कारण. आतून दाते झिजलेले निघाले असते तर मी बदललाही असता, आणि तेही तुम्हाला असंच लिहून कळवलं असतं.

ते निघाले नाहीत. गिअरबॉक्स खोलताना मी तिथे स्टुलावर बसून होतो, चारही दिवस. शैला डबा पाठवायची. पुस्तक नेलं होतं, ते उघडलं नाही. गिअरबॉक्स टेबलावर उघडा पडला तेव्हा मला तुमची फार आठवण आली. तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असता, प्रत्येक चाक हातात घेऊन फिरवून पाहिलं असतं, मला त्याचं नाव सांगितलं असतं आणि मी ते विसरलो असतो. दाते स्वच्छ होते, उजेडात चमकत होते. सलीमभाई म्हणाले, “तेल जास्त पिया, पण उपाशी कधी राहिला नाही. इसलिए दाँत अच्छे हैं.” म्हणजे आपण अगदीच वाया गेलो नाही. सीलं नवी बसली, आणि सलीमभाईंनी लोखंडी पट्टी घासून, तिच्यावर रेषा मारून ती भोकात बसवली. तुमचं बूच मी खिशात घातलं. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.

घरी येऊन मी शैलाला सगळं सांगितलं, मालेगावचंही. ती भाजी निवडत होती.

“म्हणजे पाच-सहा वर्षं तुम्ही दोघं चोरून एकमेकांसाठी तेल ओतत होता.”

“एकमेकांसाठी नाही. गाडीसाठी.”

“हो का,” ती म्हणाली आणि देठं उचलून आत गेली.

आखाजी जवळ आली तेव्हा मी धरून चाललो होतो, की गाडी आता नाशिकलाच राहणार. तुमच्या घरी ती चालवणार कोण? ताईंना तसं फोनवर म्हटलं.

त्या म्हणाल्या, “अण्णांनी गाडी कुणाला दिली होती?”

“तुम्हा दोघींना.”

“मग? इतकी वर्षं तुम्ही दोघं भांडलात, बदलायचा का दुरुस्त करायचा. आम्हाला कुणी एका शब्दाने विचारलं? आमची पाळी आहे. गाडी आणा.”

मी शैलाकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, “बरोबर आहे तिचं.”

आखाजीला सकाळी निघालो, शैला आणि मी. सोग्रस फाट्यावर थांबलो नाही. पहिल्यांदाच गाडी सटाण्याच्या रस्त्याला वळवली. फाट्यापलीकडचा रस्ता मी ह्या गाडीतून कधी पाहिला नव्हता, तो तुमचा भाग होता. भावडबारीचा चढ आला. मी दुसरा गिअर टाकला आणि गाडी न कुरकुरता चढली. शैलाने माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत राहिली. तुम्ही हा चढ किती वेळा, डिकीत किती वजन घेऊन चढला असाल.

तुमच्या घरी पितरांची घागर भरली होती, तिच्यावर खरबूज ठेवलं होतं. जेवणं झाली. मग ताई बाहेर आल्या, गाडीचं दार उघडलं आणि चालवणाऱ्याच्या जागेवर बसल्या. दोन्ही हात चाकावर ठेवले. आम्ही दोघं ओट्यावर उभे. बराच वेळ त्या तशाच बसल्या, मग मला हाक मारली, “इकडे या. हे गिअरचं कसं असतं, सांगा.” मी पलीकडे जाऊन बसलो. क्लच दाबा, दांडा आपल्याकडे ओढून खाली, हा पहिला. गाडी बंदच होती. त्यांनी पहिला टाकला, दुसरा टाकला, पुन्हा मोकळा केला. “एवढंच?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, एवढंच.

मालेगावचं मी त्यांना सांगितलं. तुम्हाला सांगायचं राहिलं, ते आता इथे सांगितलं आहे. त्या रविवारी “बघू”ऐवजी “हो, येतो” म्हणायला हवं होतं.

दुकान बंद आहे. गाडी त्याच्यासमोर सावलीत उभी आहे. दर दुसऱ्या रविवारी मी एसटीने येतो, ताईंना शेजारी बसवून देवळ्यापर्यंत जाऊन येतो आणि किल्ली त्यांच्या हातात देतो. दसऱ्यापर्यंत गाडी सटाण्यात आहे.